सिंगर शिलाई मशीन आणि सिंगर मोटार: कंपनी एकच होती का?

निखिल_कोल्हापूर
आजीचं सिंगरचं पायमशीन विकायला काढलंय. नंबर इंग्रजी 'वाय' अक्षराने सुरू होतो. असंच मशीन एका जाहिरातीत 'मोटारी बनवणाऱ्या सिंगर कंपनीचं, दुर्मिळ' म्हणून चाळीस हजाराला लावलंय. मामा पण ठासून सांगतात, सिंगरने आधी मशीनं काढली, मग सायकली, मग मोटारी. खरं असेल तर मीही तसंच लिहितो.

सुईदोरा
लिहू नकोस रे बाबा. माझं अर्धं आयुष्य शिलाई मशीनं उघडण्यात गेलं, आणि ही मोटारीची गोष्ट दर चौथं गिऱ्हाईक ऐकवतं.

मशीनवाला सिंगर म्हणजे आयझॅक मेरिट सिंगर, अमेरिकेचा. 1851 साली पेटंट घेतलं, भागीदार एडवर्ड क्लार्क. मोटारवाला जॉर्ज सिंगर, इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा. त्याने 1870च्या दशकात कॉव्हेंट्रीत सायकलींचा कारखाना काढला आणि पुढे 1905 पासून त्यातून मोटारी निघू लागल्या. दोघांचं नातं नाही, पैशाचाही संबंध नाही. मोटार कंपनी 1956 मध्ये रूट्स या ब्रिटिश मोटार कंपनीने घेतली आणि 1970 साली ते नाव गाड्यांवरून गेलं. मशीनं त्यानंतरही विकली जातच होती.

तुझं मशीन स्कॉटलंडच्या क्लाइडबँकचं, 1921 ते 1935 मधलं. 'वाय'ने सुरू होणारे नंबर तिथलेच. आणि दुर्मिळ? 1913 साली त्या एका कारखान्यातून तेरा लाखांच्या आसपास मशीनं बाहेर पडली होती.

जुनी_चाकं
काका, मामा अगदीच हवेत बोलत नाहीत. जॉर्ज सिंगर आधी नोकरीला होता तो कॉव्हेंट्री मशिनिस्ट्समध्ये, आणि त्या कंपनीचं आधीचं नाव कॉव्हेंट्री सोइंग मशीन (म्हणजे शिलाई मशीन) कंपनी! 1869च्या सुमारास ती सायकलींकडे वळली. म्हणजे मशीन, सायकल, मोटार हा क्रम खराच आहे, फक्त मशीन दुसऱ्याचं.

सुईदोरा
हो, हे बरोबर. पण जाहिरात लिहिणाऱ्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

गंमत म्हणजे ज्या गोष्टी थापा वाटतात त्या खऱ्या निघतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मशीनवाल्या सिंगरने अमेरिकी लष्करासाठी 500 पिस्तुलं बनवली, आज संग्राहक त्यांच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. न्यूयॉर्कमधली सिंगर बिल्डिंग याच कंपनीची. 1908 मध्ये पुरी झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच कार्यालयीन इमारत, 1968 मध्ये पाडली. विमानाचे सिम्युलेटरसुद्धा (वैमानिकांना जमिनीवरच सराव देणारी यंत्रं) पुढे याच कंपनीने विकले. मोटार तेवढी नाही.

गांधीजीसुद्धा यंत्रांवर एवढी टीका करून सिंगर मशीनला सूट देत. बायकोला हाताने शिवताना पाहून प्रेमापोटी सिंगरने मशीन शोधलं, असं त्यांनी म्हटलंय. आयझॅकचा संसार पाहिला तर हसू येतं, निरनिराळ्या बायकांपासून वीसहून जास्त मुलं!

फुटबॉलप्रेमी_ठाणे
थोडं विषयांतर: कॉव्हेंट्री सिटी हा क्लब 1883 मध्ये 'सिंगर्स' नावाने सुरू झाला, तोही सायकलवाल्या सिंगरच्या कामगारांचा. 1898 ला नाव बदललं. एका मित्राने मला तो 'शिलाई मशीनवाल्यांचा क्लब' म्हणून सांगितला होता.

निखिल_कोल्हापूर
मामांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, "मग जुन्या गाड्यांच्या रॅलीत मी पाहिली ती सिंगर काय होती?"

सुईदोरा
सिंगरच होती, जॉर्जची. मामांचे डोळे ठीक आहेत.

तू जाहिरातीत एवढंच लिही: क्लाइडबँक, नंबर अमुक, चाक मोकळं फिरतं, शटल (खालच्या दोऱ्याची बॉबिन ज्यात बसते ते) आहे की नाही. नंबर खांबाच्या पायथ्याशी उजव्या हाताला कोरलेला असतो, त्याचा फोटो टाक. आणि काळा रंग चकाकवायला सँडपेपर मारू नकोस. सोनेरी नक्षी गेली की घेणारा निम्म्यावर येतो.