मदत हवी: जुन्या 72 सीसी चेनसॉचा नवा पिस्टन पुन्हा घासला

पाटण_लाकूड
नमस्कार मंडळी. मशीन सेकंडहँड घेतलंय. 72 सीसी, बोअर 52 मिमी, 25 इंची बार, 3/8 पिचची चेन. काम बाभूळ, चिंच आणि निलगिरीच्या ओंडक्यांचं. आलं तेव्हाच पिस्टन धरलेला (सिलिंडरमध्ये घासून अडकलेला) होता, म्हणून बाजारातलं स्वस्त बोअर-पिस्टन किट आणि नवा प्लग टाकला, कार्ब्युरेटर साफ करून घेतला. दोन टाक्या व्यवस्थित चाललं. मग गरम झाल्यावर रेस सोडली तरी आरपीएम चटकन उतरेना, स्लो वरखाली व्हायला लागला आणि पॉवर गेली. सायलेन्सर काढून पाहिलं तर पिस्टनवर त्याच बाजूला उभे ओरखडे आहेत, इनटेकची बाजू स्वच्छ. कॉम्प्रेशन 105 पीएसआय. मिक्स म्हणजे पेट्रोलच्या लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल.
दुकानात सांगतात, ऑइल 40 मिली करा आणि दुसरं किट टाका. टाकू का? मूळ सिलिंडर जपून ठेवलाय, आत ॲल्युमिनियम चिकटलेलं आहे.

मिरज_टूस्ट्रोक
दुसरं किट आत्ता अजिबात टाकू नका, तेही असंच जाईल. फक्त सायलेन्सरच्या बाजूचे ओरखडे आणि रेस सोडल्यावर न उतरणारा आरपीएम, ही जोडी दिसली की इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढतंय असं धरून चाला. कचरा आत गेला असता तर इनटेकची बाजू घासली असती. हवा वाढली की मिक्स पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), पिस्टन तापून फुगतो आणि सगळ्यात गरम बाजूला आधी धरतो.
ऑइल दुप्पट करून हे सुटत नाही. उलट तेवढ्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं. कार्ब्युरेटरचे स्क्रू न हलवता 40 मिली केलंत तर मिक्स आणखी पातळ होईल.
आधी प्रेशर टेस्ट करा. प्लग घट्ट, डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (सुरू करताना कॉम्प्रेशन कमी करणारा) बंद. सायलेन्सरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि पट्टी लावून बोल्ट आवळा. कार्ब्युरेटर काढून रबरी बुटाचं (कार्ब्युरेटर सिलिंडरला जोडणारा रबर) तोंडही तसंच बंद करा. पिस्टन वर आणा आणि इम्पल्सच्या नळीतून (क्रँककेसचा दाब कार्ब्युरेटरला पोचवणारी) हवा भरा. खास पंप नसेल तर बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ चालतं. त्यावरचे 300 म्हणजे 0.4 बार, तेवढं पुरतं. काटा 20 सेकंद हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावा: सिलिंडरखालचं पॅकिंग, रबरी बूट, मॅग्नेटमागचं (फ्लायव्हीलमागचं) सील, क्लचमागचं सील.
आणि इथेच थांबू नका. व्हॅक्युमची टेस्ट हवीच. आतून दाब आला की सीलचा ओठ शाफ्टवर चिकटतो, त्यामुळे झिजलेलं सीलही पास होतं. 0.5 बार व्हॅक्युम ओढा (गाडीचे ब्रेक ब्लीड करायचा हातपंप चालतो) आणि मॅग्नेट हाताने सावकाश फिरवत काटा बघा. 20 सेकंदांत 0.3 च्या खाली उतरला तर सील गेलं.

विटा_कानस
मूळ सिलिंडर फेकू नका. त्याची प्लेटिंग (आतल्या भिंतीवरचा कडक थर) शाबूत असेल तर तो स्वस्त किटपेक्षा कितीतरी सरस. संडास साफ करायचं साधं ॲसिड कापसाच्या काडीने फक्त चिकटलेल्या ॲल्युमिनियमवर लावा. उघड्यावर बसा, हातमोजे घाला. बुडबुडे येतील, पुसा, परत लावा. बुडबुडे थांबले की ॲल्युमिनियम संपलं. एकाच ठिकाणी थांबतच नसतील तर तिथली प्लेटिंग उडालीय आणि ॲसिड सिलिंडरच खातंय, तो भंगारात. पोर्टमध्ये थेंब जाऊ देऊ नका. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, 400 च्या पेपरने आडवा हात मारा आणि नख फिरवून बघा, कुठे अडकता कामा नये.
पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. पिनचे सर्कलिप (पिन जागेवर धरणाऱ्या तारेच्या रिंगा) नवेच घ्या, त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नको.

पाटण_लाकूड
टेस्ट केली. प्रेशरला काटा हलला नाही. व्हॅक्युम 10 सेकंदांत जवळजवळ शून्यावर आला. क्लचच्या बाजूला ग्रीस फासलं की टिकतो. म्हणजे क्लचमागचं सीलच ना? ते केस (क्रँककेस) न फोडता निघतं का?

मिरज_टूस्ट्रोक
हो, तेच. आणि निघतं. क्लचचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून सुतळी भरा, पण पिस्टन सायलेन्सरच्या पोर्टच्या वर आल्यावरच, नाहीतर सुतळी पोर्टमध्ये चिरडते. मग ऑइल पंपाचं गिअर काढा. जुनं सील किती खोल बसलंय ते मोजून ठेवा. सीलच्या पत्र्यात 2 मिमीचं भोक पाडून बारीक स्क्रू फिरवा आणि पकडीने ओढा. ड्रिल शाफ्टला लागलं की नवं सीलही गळणार, त्यामुळे घाई नको.
नवं सील घालण्याआधी शाफ्ट धरून वरखाली हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग गेलंय आणि सील थोड्याच दिवसांत पुन्हा जाईल. मग केस फोडणं आलंच: बेअरिंग सी3 क्लिअरन्सचे (आत थोडी जास्त मोकळीक असलेले), केस तापवून बसवायचे, हातोडा नाही. खडखड नसेल तर सीलच्या ओठाला ग्रीस लावा, शाफ्टच्या आट्यांवर पातळ प्लॅस्टिक गुंडाळा, स्प्रिंगची बाजू आत, आणि योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबा. व्हॅक्युम परत ओढून बघितल्याशिवाय पुढचं काही जोडू नका.

विटा_कानस
एवढं उघडलंच आहे तर पेट्रोलची नळी, फिल्टर आणि कार्ब्युरेटरचे पडदे बदला. कडक झालेला पडदाही मिक्स पातळ करतो. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने मिक्स थोडं पातळ होतं आणि ते ओल धरतं, म्हणून जुन्या सेटिंगवर चालवू नका. मिक्स आठवड्याला लागेल तेवढंच बनवा, काम संपलं की टाकी रिकामी करा.
कार्ब्युरेटरचे एच (फुल रेसचा) आणि एल (स्लोचा) दोन्ही स्क्रू एकेक फेरा उघडून सुरुवात करा. फुल रेसला, लोड नसताना, आवाज थोडा फाटका आणि भरडा यायला हवा; लाकडात घातल्यावर तो साफ झाला पाहिजे. मोकळ्या रेसला शिट्टीसारखा स्वच्छ आवाज आला तर एच उघडा. जमलं तर टॅकोमीटर लावा आणि पुस्तकात दिलेल्या कमाल आरपीएमपेक्षा 500 कमी ठेवा.
चेनही बघा. चिंचेत बोथट चेन दाबून चालवली की सील चांगलं असूनही इंजिन तापतं. 5.2 मिमीची गोल कानस, 30 अंश, डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा) दाताच्या धारेपेक्षा 0.65 मिमी खाली. बारला जळकं ऑइल घालत असाल तर बंद करा, त्यातल्या काजळीने पंपाची जाळी तुंबते.