ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा की ८० लाखांचा? लोकसंख्येच्या याद्या कशा ठेवाव्यात

भूगोलाचे_मास्तर

पालघर जिल्ह्यातल्या शाळेत भूगोल शिकवतो. गेल्या आठवड्यात आठवीच्या मुलांना राज्यातल्या ३६ जिल्ह्यांच्या लोकसंख्येची बेरीज करायला दिली. आकडे स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शकातले. बेरीज आली ११,५३,६४,४४९. त्याच पुस्तकात दोन पानं आधी महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ छापलेली. एका मुलीने वजाबाकी केली आणि वही माझ्यासमोर धरली. फरक २९,९०,११६. आकडा तिने लगेच ओळखला, कारण तो आमच्याच जिल्ह्याचा.

झालं असं की १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाल्यावर पुस्तकवाल्यांनी पालघरची ओळ नवी घातली, पण ठाण्यासमोरचे १,१०,६०,१४८ तसेच ठेवले. ते ८०,७०,०३२ व्हायला हवे होते. म्हणजे आम्ही पालघरकर दोनदा मोजले गेलो. शिवाय २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता, आणि मुलं आजही तेच पाठ करतात. नव्या हद्दी धरल्या तर तो मान उत्तर २४ परगण्याला जातो आणि राज्यात पुणे जिल्हा पहिला येतो.

शहरांच्या याद्यांत तर याहून गोंधळ. २०११ चं पुणे कुणी ३१,२४,४५८ लिहितो, ती महापालिका. कुणी ५०,५७,७०९, तो नागरी समूह, म्हणजे पालिका आणि तिला लागून सलग पसरलेली शहरी वस्ती; त्यात पिंपरी-चिंचवड आणि तिन्ही कॅन्टोन्मेंट येतात. कुणी ९४,२९,४०८, तो जिल्हा. तिन्ही आकडे खरे, पण एकाच यादीत एका शहराची पालिका आणि दुसऱ्याचा समूह घेतला की क्रम खोटा ठरतो.

माझं म्हणणं ठाम आहे. हद्द कोणती आणि तारीख कोणती, हे सोबत नसेल तर आकडा यादीत घेऊच नये. आणि कुठला तरी ताजा अंदाज मिळाला म्हणून मोजलेल्या आकड्याच्या जागी तो बसवू नये.

सिंहगडरोड

मास्तर, पुस्तकातली चूक मान्य. पण तुमचा उपाय मला पटत नाही. आमचं गाव २०२१ मध्ये २३ गावांबरोबर पुणे महापालिकेत आलं. २०११ मध्ये माझ्या गॅलरीतून ज्वारी दिसायची, आज समोर बारा मजली इमारती आहेत आणि सकाळी सहापासून टँकरची रांग. अशा वेळी कुणी ‘पुणे ३१ लाख’ लिहिलं, खाली हद्द आणि तारीख अगदी नीट दिली, तरी ते वाचणाऱ्याला आजचं पुणे कळतं का?

अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्याराज्यांत किती लोकांना धान्य द्यायचं हे २०११ च्या लोकसंख्येवर बांधलेलं आहे. त्यानंतर माणसं वाढली, आकडा हलला नाही. जुना आकडा ‘अचूक’ म्हणून धरून बसण्याची किंमत रेशनच्या दुकानात मोजली जाते. अंदाज थोडा चुकेल, पण १५ वर्षांहून जुन्या सत्यापेक्षा तो वास्तवाच्या जवळ असेल.

दशमान

अंदाज म्हणजे कुणाचा? संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात टोकियो पहिलं होतं, ३ कोटी ७० लाखांच्या आसपास. २०२५ च्या अहवालात जकार्ता पहिलं, जवळपास ४ कोटी २० लाख, मग ढाका, आणि टोकियो तिसरं. सात वर्षांत जकार्तात एवढी माणसं वाढली नाहीत. शहर कुठे संपतं हे ठरवायची पद्धत बदलली. आता सगळ्या देशांना दाट वस्तीचा एकच निकष लावला आहे. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून कुणी ‘वाढ’ काढली तर उत्तर निरर्थक येईल. मी मास्तरांच्या बाजूने.

वसईची_मावशी

तुमच्या वादात एक गोष्ट राहून जाते. हद्दच चुकीची आखलेली असेल तर ती प्रामाणिकपणे लिहून काय उपयोग? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूह १,८३,९४,९१२ चा. त्यात बदलापूर आहे, अंबरनाथ आहे, वसई-विरार नाही! आमची १२,२२,३९० माणसं स्वतंत्र शहर म्हणून मोजली. माझा मुलगा रोज ७:१२ च्या विरार लोकलला लटकून अंधेरीला जातो. तो मुंबईचा नाही, असं सांगणारी यादी मला मान्य नाही.

भूगोलाचे_मास्तर

मावशी, तुमचं दुखणं खरं आहे. पण नागरी समूहाचा निकष सलग पसरलेली वस्ती हा आहे, रोजचा प्रवास नाही. नवी मुंबई ठाण्याशी दिघ्याकडून जमिनीने जोडलेली आहे, म्हणून ती समूहात आहे. वसई आणि भाईंदरच्या मध्ये खाडी आहे. महानगर प्रदेश ही वेगळी हद्द. तिच्यात वसई-विरार आहे, भिवंडी आणि पनवेलही आहे. वसईसह मुंबई हवी असेल तर १,९६,१७,३०२ जरूर लिहा, पण ‘समूह अधिक वसई-विरार, २०११’ असं शेजारीच लिहा. नाहीतर पुढचा माणूस त्यात वसई पुन्हा मिळवेल, जसं आमच्या पालघरचं झालं.

सिंहगडरोड, तुमचा रेशनचा मुद्दा मला दोन दिवस टोचतोय. तरीही मी उलट्या बाजूने पाहतो. २०२१ ची जनगणना झाली नाही. मोजलेल्या आकड्याच्या जागी अंदाज भरला की मोजणीच झालेली नाही हे दिसेनासं होतं. तारखेसकट उभा असलेला २०११ हा त्या दिरंगाईचा पुरावा आहे.

निवृत्त_शिक्षिका

मी २०११ ला प्रगणक होते. ९ ते २८ फेब्रुवारी दारोदार फिरलो, शाळा सांभाळून. २८ च्या रात्री बेघरांची मोजणी. स्टेशनच्या जिन्याखाली एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन झोपली होती. बाळाचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, वय शून्य लिहिलं. ते बाळ राज्याच्या त्या ११ कोटी २३ लाखांच्या आकड्यात आहे, म्हणून तो आकडा कुणी सहज खोडला की मला लागतं.

पण मास्तर, ते बाळ आता दहावीच्या वयाचं झालं असेल. त्याच्या पाठच्या भावंडांचं काय? पुरावा म्हणून जुना आकडा जपा, पण पाण्याची लाइन टाकणाऱ्याच्या हातात तेवढाच देऊ नका. दोन रकाने करा. एक मोजलेला, एक अंदाजाचा, आणि अंदाज कुणी कसा काढला ते त्याच ओळीत.

सिंहगडरोड

बाई, दोन रकाने मला चालतील. मात्र क्रमवारी अंदाजाच्या रकान्यावर लावावी, हे मी सोडणार नाही. क्रम जुन्या आकड्यावर लावला की वाढणारी गावं कायम तळाशी राहतात. आणि हद्दीच्या भरवशावरही फार जाऊ नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेसाठी बाहेर काढली. त्या दोन गावांचे २०११ चे लोक आज कुठल्या ओळीत लिहायचे, सांगा.

भूगोलाचे_मास्तर

त्यांच्या स्वतःच्या ओळीत, गावाच्या नावाने. २०११ चे आकडे गावनिहाय मिळतात, त्यामुळे हद्द कितीही वेळा हलली तरी नवी बेरीज मांडता येते. या वेळच्या जनगणनेसाठी हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवल्या आहेत आणि संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. बाईंचे दोन रकाने मी वर्गातल्या तक्त्यावर उद्याच आखतो. क्रम मात्र मोजलेल्या रकान्यावरच लावणार, नवी मोजणी येईपर्यंत. ठाण्याची ओळ ज्या मुलीने पकडली, तीच खोडून ८०,७०,०३२ लिहील.