दादांची मर्सिडीज वसतिगृहाला द्यायचीय, कशी देतात?

सिडकोकर
नमस्कार मंडळी. २०१० च्या ऑक्टोबरात आपल्या औरंगाबादेत (तेव्हा हेच नाव होतं) एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या होत्या, आठवतंय का? पेपरात केवढ्या बातम्या. त्यातली एक आमच्या दादांची, म्हणजे वडिलांची. ई-क्लास, डिझेल, चंदेरी, एमएच २०. दादा गेल्या आषाढात गेले. मी पुण्यात असते, आईला गाडी चालवता येत नाही, त्यामुळं तेव्हापासून ती पोर्चमध्ये कापडाखाली उभी आहे. चाललीय फक्त ९१ हजार.

आई म्हणायलीय, विकायची नाही. कुणीबी यावं आणि टायरला लाथ मारून भाव पाडावा, हे दादांना चाललं नसतं. बीडकडं ऊसतोड कामगारांच्या मुलांचं एक वसतिगृह आहे, त्यांना देऊन टाक म्हणते. तर ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची सूट मिळेल का, आणि कागदपत्रं काय लागतील? गाडी अजून दादांच्याच नावावर आहे.

१० नंबर पाना
बॅटरी सोडवून ठेवली होती का? नसंल तर गेली समजा. आधी बोनेट उघडून उंदराच्या लेंड्या दिसतात का बघा. असल्या गाडीचं वायरिंग कुरतडलं असंल तर दान राहू द्या, ढकलायला माणसं शोधावी लागतील.

वजाबाकी
८०जी पैशाच्या देणगीलाच मिळतं. गाडी, धान्य, कपडे, जागा, वस्तूरूपात काहीही दिलं तर वजावट शून्य. पैसेसुद्धा रोख दिले तर दोन हजारांपर्यंतच धरतात, म्हणून चेकनं किंवा ऑनलाइन द्या आणि संस्थेकडून १०बीई नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्या. आणि हो, तुमच्या आईसाहेब नव्या करप्रणालीत असतील तर हा सगळा विषयच संपला, तिथं ८०जी नाही. घरच्या वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर मात्र कर लागत नाही, ती भीती नको.

कागदांचं म्हणाल तर मालक वारले की आधी फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून गाडी आईंच्या नावावर घ्यायची. पंधरा वर्षं झालीत, म्हणजे पासिंगही संपलं. त्याला फॉर्म २५, गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट. मग पुढच्याच्या नावावर करायला २९ आणि ३०. वसतिगृहाला फुकट द्या नाहीतर विका, हे चुकत नाही.

लिंबाखाली
ताई, मी अशाच एका वसतिगृहाचा हिशोब बघतो, केज तालुक्यातल्या. म्हणून जरा लांबण लावतो.

सात वर्षांमागं एका कंत्राटदारानं आम्हाला अशीच मोठी गाडी दिली. गाडीचंबी नाव सांगत नाही आन माणसाचंबी. हार घातला, नारळ फोडला, पोरं रांगेत उभी करून फोटो काढला. आमच्या अध्यक्षांना नको म्हणवेना. मोठ्या रस्त्यापासून आमच्याकडं यायला चार किलोमीटर खडीची वाट. पहिल्याच खेपेला गाडीचं पोट घासलं आन तेलाचा चेंबर फुटला. दुरुस्ती सांगितली ४१ हजार. एवढ्यात आमचा तीन आठवड्यांचा किराणा येतो.

मग ती लिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. वर लिंबोळ्यांचा चिकट थर, खाली कोंबड्या. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मागच्या सीटवर धोतर अंथरून मिरच्या वाळत घालायच्या, काचा पक्क्या लावून. खरं सांगू का, मिरच्या लई झकास वाळायच्या. तेवढाच तिचा उपयोग.

घोर दुसराच होता. कंत्राटदारानं २९-३० वर सह्या करून दिल्या होत्या, पण आमच्याकडून ती फाईल पुढं सरकली नाही. चूक आमचीच, मीच ती कपाटात ठेवली होती. विमा संपला. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली सांगून ठेवलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी मधल्या मधी चार हात फिरली तरी अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. हे मला कळलं तेव्हा रात्रभर झोप नाही. आमच्या पोरांपैकी कुणी चावी लावली असती तर? शेवटी भंगारात घातली, त्यालाबी कंत्राटदाराला दोनदा हेलपाटा पडला. आता ते आमच्याकडं दिवाळीला पेढेसुद्धा पाठवत नाहीत.

आम्हाला गाडी लागते ती बाजार आणायला, आन रात्री एखादं पोरगं तापानं फणफणलं तर अंबाजोगाईला न्यायला. त्याला जुनी ईको बास. तुमच्या आईंचं मन मोडायचं नाही मला. पण विकायचा ताप तुम्ही घ्या आन पैसे द्या. डीलरकडं नकोच. दादांबरोबर त्या वेळी गाडी घेतलेल्यांत कुणी तरी असंल ना, ज्याला तिची किंमत कळते? त्याला विचारा.

१० नंबर पाना
मिरच्यांचं भारी. एसीतून ठसका आला असंल नंतर.

लिंबाखाली
एसी चालू करायला बॅटरी लागती भाऊ.

सिडकोकर
आईला सगळं वाचून दाखवलं. मिरच्यांना हसली, खूप दिवसांनी. दादांचे जालन्याचे एक मित्र आहेत, बियाण्याच्या धंद्यातले, त्यांच्याकडं तसलीच काळी गाडी आहे. त्यांना उद्या फोन करते म्हणाली. फॉर्म ३१ साठी मी शनिवारी येतेय. बोनेट उघडलं, लेंड्या आहेत.

लिंबाखाली दादा, आई विचारायलीय की तुमच्याकडं पोरं किती, आणि गावाकडची ज्वारी चालंल का?

लिंबाखाली
८४. दिवाळीला कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, कारखान्यावर गेले की आणखी वाढतात. ज्वारी पळती ताई, पण दळून नका देऊ, पीठ टिकत नाही. चाळून, पोत्यात. आणायला आमचा टमटमवाला येईल.