ड्रेन नसलेला पॅन म्हणजे नुसती परात

अमेरिकेतल्या घरात अ‍ॅटिकमधल्या (छताखालच्या माळ्यावरच्या) ५० गॅलनच्या (सुमारे १९० लिटर) पाणी तापवायच्या हीटरखाली गळकं पाणी धरणारा पॅन आहे, मग ते पाणी बाहेर नेणारा ड्रेन पाइप हवाच का, असं एकाने विचारलंय. हवाच. २४ इंची, दीड इंच खोल पॅनमध्ये जेमतेम तीन गॅलन मावतं. टाकी फुटली की गार पाण्याची लाइन चालूच राहते. पाइप किमान पाऊण इंची, पूर्ण उतार देऊन बाहेर दिसेल असा सोडा. गळती बहुतेकदा पॅनच्या भोकापाशीच होते: रबरी वॉशर नीट बसवा, नट हातानेच आवळा, पाना लावला की प्लॅस्टिक तडकतं. गॅस हीटर असेल तर सरळ पत्र्याचा पॅन घ्या. उतार मिळतच नसेल, तर पॅनमध्ये पाणी ओळखणारा सेन्सर आणि गार लाइनवर आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह लावा.