अनुभव धागा : हिशेबाच्या वहीतला वळीव

आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना हिशेबाच्या वह्या सापडल्या. लांबट, लाल बाइंडिंगच्या. दूध, रॉकेल, कोथिंबीर, मुलांची फी. आणि १९८३च्या मे महिन्यात, दोन नोंदींच्या मधे: 'दुपारी वळीव आला. कुरडया भिजल्या, पण वास काय सुटला!' पुढे रक्कम नाही. मग शोधतच गेले, तर अशा ओळी पानोपानी. मी लिहिते, असं आईने जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं.

तोवर मला वाटायचं, सुचायला निवांतपणा हवा, कुठेतरी डोंगरात जाऊन राहायला हवं. आता रात्री ओटा पुसून झाला की चार ओळी लिहिते, आणि लिहायला लागल्यापासून दिवसभरात दिसतंही जास्त. तुमचं कसं झालं? कुठल्या साध्या क्षणाने तुम्हाला लिहायला, चित्र काढायला, शिवायला बसवलं? मोकळेपणाने सांगा.

*

डोंबिवली ते दादर, बारा वर्षं लेडीज डबा. आत शिरलं की पहिला प्रश्न, "कुठे उतरणार?" त्या दिवशी बाई म्हणाल्या, "कुर्ला." त्या मटार सोलत होत्या. मला चौथी सीट मिळाली, तशी त्यांनी काही न बोलता मूठभर शेंगा माझ्या मांडीवर ठेवल्या. मीही सोलायला लागले. विक्रोळी गेलं, घाटकोपर गेलं. कुर्ला आल्यावर ओंजळीतले दाणे त्यांच्या पिशवीत ओतले आणि त्या गर्दीतून उतरल्या. नखांना तो हिरवा वास संध्याकाळपर्यंत होता. माझी पहिली कथा त्या वासातून आली. एका दिवाळी अंकाकडे पाठवली, साभार परत आली. मग पहिली दोन पानं काढून टाकली आणि थेट शेंगांपासून सुरुवात केली. आता ती मला माझी वाटते.

*

मला उलट अनुभव आला. जे दिसेल त्यावर 'यावर काय लिहिता येईल' असंच मनात यायचं. लेकीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी फोनवर मागच्याच क्षणाची नोंद करत होतो. बायकोने हाक मारली तोवर ती खाली बसलीही होती. तेव्हापासून आधी फक्त बघतो. रात्री जे आठवेल तेवढंच लिहितो. लिहून कमी होतं, पण त्यातलं खोडावं लागत नाही.

*

आम्ही जळगावकडचे. बहिणाबाईंचं आसोदे इथून अगदी जवळ. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे शाळेत शिकलो होतो, पण त्याचा अर्थ फार उशिरा कळला. घरात, शेतात काम करताना ओठांवर आलेलं सोपानदेवांनी आणि इतर घरच्यांनी टिपलं नसतं, तर १९५१ साली त्या गेल्या तेव्हा ते सगळं त्यांच्याबरोबरच गेलं असतं. अत्र्यांच्या हातात पडायला काही उरलंच नसतं.

माझी आजी भरताची वांगी काड्यांवर भाजताना काहीबाही पुटपुटते. "काय म्हणालीस?" विचारलं की "काई नई रे." आता तिला सांगून फोन चालू ठेवून देतो. काड्यांचा तडतडाट फार येतो, शब्द वेचून घ्यावे लागतात. परवा धुराला उद्देशून दोन ओळी मिळाल्या. तिने ऐकल्या आणि म्हणाली, हे मी कधी म्हटलं?

*

गोधडी शिवते. आईचं नऊवारी, सासूबाईंचं पातळ, मुलाचा शाळेचा शर्ट. धावदोरा घालताना कुठलं कापड कुणाचं ते मनात येत राहतं. नातीने विचारलं म्हणून प्रत्येक तुकड्याची गोष्ट वहीत लिहायला घेतली. शर्टाच्या खिशापाशी अडकले आहे. शाईचा डाग अजून तसाच आहे, त्यावरून सुई नेववत नाही.

*

मी नर्स आहे, बहुतेक रात्रपाळी. पहाटे चारच्या सुमाराला वॉर्ड शांत असतो, सलाइनचे थेंब मोजताना स्वतःचा श्वासही ऐकू येतो. एक आजोबा रोज त्याच वेळी विचारायचे, "सिस्टर, उजाडलं का?" मी रोज म्हणायचे, "थोडंच राहिलंय." त्यांना घरी सोडलं त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर कँटीनमध्ये बसून बिलाच्या मागे हे दोनच संवाद लिहिले. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन. बिलं आता डब्यात मावत नाहीत, वही आणलीय.