सल्ला हवा: होमकेअर ब्युरोसाठी कोणत्या संघटनेचं सदस्यत्व घ्यावं?

गोदाकाठची_सिस्टर
नमस्कार मंडळी. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका घेतलेली नर्स. १४ वर्षं हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळला आणि ४ वर्षांपूर्वी नाशकात घरोघरी रुग्णसेवेला माणसं पाठवणारा स्वतःचा ब्युरो काढला. आज माझ्याकडे २३ जण आहेत: एक जीएनएम, दोन एएनएम (नर्सिंगचा छोटा अभ्यासक्रम केलेल्या), चार मामा आणि बाकी सगळ्या मावश्या, म्हणजे पेशंटची शुश्रूषा करणारे मदतनीस. ड्युट्या बहुतेक १२ तासांच्या, काही घरी २४ तासांच्या. पेशंट पॅरालिसिसचे, खुब्याचं ऑपरेशन झालेले, स्मृतिभ्रंशाचे, आणि आता कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातलेही येऊ लागलेत.

गेल्या महिन्यात एका संघटनेचा फोन आला. १५ हजार भरा, आजीव सदस्यत्व, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर छापायला बोधचिन्ह मिळेल म्हणाले. प्रशिक्षणाचं विचारलं तर "ते पुढे बघू." पैसे भरले नाहीत, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय की या कामात मी अगदी एकटी आहे.

असं का वाटतं ते सांगते. दिवाळीच्या सुमारास आमच्या एका मावशीला आजोबांच्या माकडहाडापाशी लाली दिसली. तिने रोज खोबरेल तेल लावून ती जागा चोळली. मायेनेच. पाचव्या दिवशी कातडी उघडली. मुलीने मला फोन केला, "सिस्टर, तुमच्या माणसांना शिकवतं कोण?" शिकवणारी मीच होते, आणि लाल जागा चोळायची नसते हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. जखम भरायला अडीच महिने लागले.

तर कोणती संघटना खरोखर उपयोगाची? कोणी सदस्य असाल तर अनुभव सांगा.

निवृत्त_मेट्रन
सिस्टर, आधी परिषद आणि संघटना यांतला फरक बघू, कारण फोन करणारे लोक नेमका तिथेच घोळ घालतात. महाराष्ट्र परिचर्या परिषद ही कायद्याने स्थापन झालेली. तिथल्या नोंदणीशिवाय नर्स म्हणून काम करताच येत नाही. तुमच्या आणि तुमच्या तिघींच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ते आजच कागद काढून पाहा. संघटनेत जायचं की नाही हा मात्र ज्याच्या-त्याच्या इच्छेचा भाग.

नर्सेससाठी माझं पहिलं उत्तर ट्रेंड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया. १९०८ पासूनची संघटना, मुख्यालय दिल्लीत, राज्याराज्यांत शाखा. त्यांचं नियतकालिक १९१० पासून निघतंय. मी नोकरीत कायम झाले त्याच वर्षी सदस्य झाले. मला त्याचा सगळ्यात मोठा लाभ म्हणजे ओळखी. औरंगाबादला बदली झाली तेव्हा वॉर्डात पाय ठेवण्याआधी तिथल्या चार जणी मला नावाने ओळखत होत्या, आणि अडलं की रात्रीही फोन उचलत होत्या. तुम्हाला जो एकटेपणा जाणवतोय त्यावर हेच औषध आहे.

पण हे सदस्यत्व तुमचं स्वतःचं, नर्स म्हणून. ते ब्युरोला लागू होत नाही, मावश्यांना तर नाहीच. त्यामुळे पाटीवर "संघटनेशी संलग्न ब्युरो" असं कृपया लिहू नका.

वेदनेची_सोबत
मी पुण्यात पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, समाजसेविका आहे. ताई, तुमच्याकडे शेवटच्या टप्प्यातले पेशंट आहेत म्हणून मनापासून सुचवते: इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर. १९९४ ची संस्था. तिथे डॉक्टर, नर्स, समाजसेवक, स्वयंसेवक एकाच मांडवाखाली असतात. दरवर्षी परिषद भरते, आणि डॉक्टर-नर्सेससाठी मूलभूत प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तुम्ही आणि तुमच्या जीएनएम, दोघींनी तो करावा. वेदना कशी मोजायची, मॉर्फीन या वेदनाशामकावर असलेल्या पेशंटचं पोट साफ होतंय ना हे रोज का विचारायचं, घरच्यांशी मरणाबद्दल कसं बोलायचं, हे सगळं पद्धतशीर शिकायला मिळतं.

आणि पुण्याला येणं झालं तर वारज्याचं सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आधी वेळ घेऊन जरूर बघा. १९९७ पासून चालू आहे. पेशंटसोबत घरचं माणूस तिथे राहतं आणि काळजी घ्यायला शिकूनच घरी जातं.

स्मृतिभ्रंशासाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया आहे, १९९२ ची. तिथे कुटुंबीयही येतात.

हिशेबाचा_माणूस
मी वृद्धाश्रमांचे हिशेब बघतो. १५ हजारवाल्यांना एवढंच विचारा: नोंदणी क्रमांक काय? संस्थेच्या घटनेची (नियमावलीची) प्रत देता का? मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल? शेवटची निवडणूक कधी झाली आणि सदस्याला मत आहे का? महाराष्ट्रातली खरी संस्था असेल तर बहुधा धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते आणि हे कागद द्यायला तिला अडचण नसते. जी संस्था कागद दाखवत नाही तिला पैसे देऊ नयेत, हे माझं ठाम मत.

असोसिएशन ऑफ सीनियर लिव्हिंग इंडिया हेही नाव कानावर येईल. संस्था चांगली आहे, पण भर मुख्यतः ज्येष्ठांच्या वसाहती बांधणाऱ्या-चालवणाऱ्यांवर. घरोघरी माणसं पाठवणाऱ्या छोट्या ब्युरोने तिथून सुरुवात करू नये.

आईची_लेक
मी ग्राहकाच्या बाजूची. आईसाठी तीन वर्षं ब्युरोची माणसं घेतली. एकदाही कोणाचं बोधचिन्ह पाहिलं नाही. मी बघायचे ते हे, की मावशी आईला कुशीवर वळवताना हात कुठे धरतात. एक जण दंडाला धरून ओढायची आणि आई कळवळायची. दुसरी आली ती आधी आईशी बोलली, गुडघा वाकवला, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे ठेवून अलगद वळवलं. त्या दिवसापासून त्या मावशी घरच्याच झाल्या. सिस्टर, त्या मावशींना कोण शिकवणार तेवढं बघा. बाकीचं मागाहून.

जर्सीची_सातारकर
अगदी पटलं. मी न्यू जर्सीत होमकेअर एजन्सीत नर्स आहे. इथे होम हेल्थ एडला, म्हणजे तुमच्या मावश्यांसारखं घरी जाऊन काम करणाऱ्यांना, ७६ तासांचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय राज्याचं प्रमाणपत्रच मिळत नाही. देशपातळीवर घरपोच सेवा आणि हॉस्पिस (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातली सेवा) यांच्या दोन जुन्या मोठ्या संघटना २०२४ मध्ये एक झाल्या, आता नॅशनल अलायन्स फॉर केअर अॅट होम. पण माझ्या रोजच्या कामाला उपयोगी पडते ती आमच्या राज्यातली संघटना. नियम बदलला की त्यांच्याकडून सोप्या भाषेत समजतो. म्हणून तुम्हीही जवळची, प्रत्यक्ष भेटता येईल अशी शाखा आधी शोधा.

निवृत्त_मेट्रन
मावश्यांचं सांगायचं राहिलं. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे जनरल ड्युटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड असे अभ्यासक्रम आहेत. वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या अनुभवाचं मूल्यमापन करून प्रमाणपत्र देण्याचीही सोय असते. जवळचं केंद्र कोणतं, तिथे काय चालू आहे, ते चौकशी करूनच ठरवा. आणि पीएफ नसलेल्या मावश्यांची ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी करून द्या. आधार आणि मोबाइल घेऊन बसलं की होतं.

गोदाकाठची_सिस्टर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दिवसभर तुमचेच प्रतिसाद वाचत होते. एका एएनएमचं नूतनीकरण खरंच राहिलं होतं. अर्ज होईपर्यंत तिला ड्युटी देणार नाही, आणि तिचं रोजचं नुकसान मी भरून देईन. चूक माझी, मी तपासलं नव्हतं.

ठरलं ते असं. दिल्लीच्या नर्सेस असोसिएशनचा अर्ज भरतेय. पॅलिएटिव्हचा अभ्यासक्रम आम्ही दोघी करणार. १५ हजारवाल्यांना कागद मागितले, अजून आले नाहीत. ते पैसे मावश्यांच्या प्रशिक्षणासाठी बाजूला काढलेत. प्रशिक्षणाच्या दिवसाचा रोज मी देणार, नाहीतर त्या येणार कशा?

पहिला वर्ग येत्या रविवारी माझ्याच घरी. लाल जागा बोटाने दाबून बघायची, बोट उचलल्यावर पांढरी पडत नसेल तर मला लगेच फोन करायचा, आणि तिथे तेल, पावडर, चोळणं काहीही नाही. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. सरावासाठी ओळखीच्या हॉस्पिटलातून एक बेड आणावा म्हणते.

मिरजेचा_फिजिओ
बेड आणू नका, सिस्टर. हॉस्पिटलचा बेड वर-खाली होतो. तुमच्या मावश्या काम करतात तो भिंतीला चिकटवलेला दिवाण, कापसाची गादी, आणि उभं राहायला एकाच बाजूने जागा. तुमच्या घरात तसा दिवाण असेल तर त्यावरच सराव घ्या. मावश्यांनी आळीपाळीने पेशंट व्हावं, म्हणजे दंड ओढला की कसं दुखतं ते कळेल. रविवारी व्हिडिओ कॉलवर तासभर मी आहे, पाठ न दुखवता कसं उचलायचं ते दाखवतो.

गोदाकाठची_सिस्टर
दिवाण आहे. रविवारी अकराला फोन करते, दादा.