फायबर होडीचं वॅक्स नक्की कुठपर्यंत लावायचं? बुडाचा रंग सुटतोय

देवबागचो_झील
आमची १८ फुटी फायबरची होडी कर्ली खाडीत असते. पावसाळ्यात वर काढलेली, आता पाण्यात घालायची आहे. बाजूच्या पांढऱ्या भागावरून हात फिरवला की तळहाताला खडूसारखी पूड लागते. ते एक. पण खरं दुखणं बुडाचं. गेल्या वर्षी मी हौसेनं गाडीचं वॅक्स नाळेपासून (पुढच्या टोकापासून) पार पठाणापर्यंत, म्हणजे बुडाच्या कण्यापर्यंत घासलं आणि त्यावरच अँटीफाऊलिंगचे (बुडाला शिंपलं-शेवाळ धरू नये म्हणून लावायच्या रंगाचे) दोन हात दिले. दिवाळी सरली तशी रंगाचे पापुद्रे निघायला लागले आणि शिमग्यापर्यंत बूड शिंपल्यांनी भरलं. बाबा म्हणतात, लाकडी होडीला मुशीचं तेल लावायचो ते बरं होतं. आता सगळं खरवडू का?

रेवदंडा_बंदर
वॅक्स पाण्याच्या रेषेच्या वरच. खाली लावलं की त्यावर रंग धरतच नाही. आमच्या एका शेजाऱ्याचंही हेच झालंय.

फायबरवाला_वास्को
बावीस वर्षं याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाळा, घासायला आधी घेऊ नकोस. आधी वॅक्स काढ. वॅक्स असताना पेपर मारलास तर ते चरे पडतात त्यांत जाऊन बसतं, मग ते निघणं मुश्कील. सुटलेला रंग पत्तीनं काढ, मग दोन सुती फडकी घे. एक ॲसिटोनमध्ये भिजवून हातभर जागा पूस आणि ती वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घे. फडकी सारखी बदल, नाहीतर तेच वॅक्स पुढे पसरत जातं. हातमोजे घाल, आणि आसपास विडी-काडी नको.

झालं की तांब्याभर पाणी ओत. अळवाच्या पानावर पडल्यासारखे थेंब झाले तर वॅक्स अजून आहे, परत पूस. पाणी सलग पसरलं तरच ८० नंबरचा पेपर घे. घासायचं ते ओलं करून, खाली ताडपत्री टाकून. त्या रंगात तांबं असतं. तुमच्या खाडीत बायका कालवं काढतात, तो गाळ तिथे जाऊ देऊ नकोस. जाड पोतं भरून बाजूला ठेव. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर अँटीफाऊलिंग, आणि डब्यावर लिहिलेल्या मुदतीत होडी पाण्यात.

शिंपल्यांचं म्हणशील तर होडी वर काढली त्याच दिवशी, ओली असतानाच खरवडायची. वाळली की दगड होतात.

वरच्या बाजूची पूड म्हणजे उन्हानं खाल्लेला जेलकोट, फायबरवरचा तो चकचकीत बाहेरचा थर. साबणानं धुऊन आधी वीतभर जागेवर रबिंग कंपाऊंड मारून बघ. लकाकी आली तर पेपरला हातच लावू नकोस. जेलकोट जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, एकदा गेला की गेला. नाहीच आली तर हजार नंबरचा वॉटर पेपर, मग कंपाऊंड, मग पॉलिश. वॅक्स अगदी शेवटी, सावलीत, पातळ. चमक पॉलिशनं येते, वॅक्स ती राखतं.

देवबागचो_झील
काका, मागच्या फळीवर करून बघितलं. पहिल्यांदा थेंबच थेंब! तिसऱ्या पुसण्याला पाणी पसरलं. वर मात्र नुसत्या कंपाऊंडनं काम झालं, बाबांनी स्वतः हात फिरवून बघितला. पाण्याची रेषा मात्र पुसट झालीय. ती कशी धरू?

फायबरवाला_वास्को
पिवळट डाग दिसतो ना, ती तुझी जुनी रेषा. तो धुवायच्या आधी चिकटपट्टी लाव. माणसं आणि इंजिन चढलं की होडी खाली बसते, म्हणून रंग त्या पट्टीच्या दोन बोटं वर घे. वॅक्स रंग वाळल्यावर, रंगाची कड संपते तिथून वरच्या भागाला, रंगावर नाही.

देवबागचो_झील
पट्टी लावली. अमावास्येच्या उधाणाला पाण्यात घालतो.